गळक्या किटलीचा हिशेब

शाळेतील शिक्षक-कक्ष असो, तालुक्याच्या कचेरीतील एखादी शाखा असो वा वसतिगृहातील चार विद्यार्थ्यांची खोली असो, विजेची किटली आता सर्वत्र पोहोचली आहे. बहुधा ती वर्गणीतून आलेली असते. मधल्या सुट्टीत चार कप पाणी उकळण्याचे काम ती निमूटपणे करते आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते. लक्ष जाते ते एके सकाळी टेबलावरच्या हजेरीपटाची कड ओली झाल्यावर. किटली उचलली जाते, तिच्या बुडाखाली पाण्याचे कडे दिसते आणि मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवून तर पाहू. दुसरा म्हणतो, 800 रुपयांच्या वस्तूसाठी हेलपाटे कोणी घालायचे? चर्चा फार वेळ चालत नाही. कोणीतरी खिशातून मोबाईल काढतो आणि दोन दिवसांत नवी किटली खोक्यातून बाहेर येते. जुनी काही महिने कपाटावर बसून राहते व दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जाते.

या निर्णयात वरकरणी वावगे काही नाही. पगारदार माणसाचा वेळही मोलाचा असतो आणि गरम चहा वेळेवर मिळावा ही अपेक्षा गैर नव्हे. परंतु हा निर्णय ज्या सहजतेने होतो, ती सहजता तपासून पाहण्याजोगी आहे. जुनी दुरुस्त करावी की नवी घ्यावी असा प्रश्न विचारला गेला, दोन्ही बाजू तोलल्या गेल्या आणि मग निकाल लागला, असे येथे सहसा घडत नाही. निकाल आधीच लागलेला असतो, आणि तो लावणारा किटली वापरणाऱ्यांपैकी कोणी नसतो.

गळती नेमकी कोठे?

दुरुस्तीचा प्रश्न येतो तो दुसऱ्या क्रमांकावर. पहिला प्रश्न असा की, किटली खरोखरच गळते काय? आजच्या बहुतेक किटल्या उकळी येताच आपोआप बंद होतात. त्यामागची युक्ती साधी आहे. पाण्याची वाफ एका अरुंद वाटेने दोन धातूंच्या जोडीने बनवलेल्या एका लहानशा चकतीपर्यंत पोहोचते. ही चकती तापली की टचकन उलटी वळते आणि बटण पाडते. अनेक किटल्यांत ही वाट मुठीतून वा भांड्याच्या कडेने थेट तळापर्यंत उतरलेली असते आणि तिचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असते. किटली कमाल पातळीच्या रेषेच्या वर भरली, तर उकळताना उसळलेले पाणी या तोंडातून आत शिरते आणि तळातून ठिबकते. थंड झालेल्या वाफेचे चार थेंबही त्याच वाटेने खाली येतात. पाहणाऱ्याला वाटते, बूड फुटले. वस्तुतः बूड शाबूत असते. चुकलेला असतो तो भरणारा.

याची पारख करण्यास कोणत्याही कारागिराची गरज नाही. किटली पूर्ण थंड होऊ द्यावी, बाहेरून कोरडी पुसावी, रेषेच्या खालीपर्यंत पाणी भरावे आणि तिच्या विजेच्या बैठकीवर न ठेवता ती रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावी. सकाळी कागद कोरडा असेल तर बदलायची ती फक्त भरण्याची सवय. कागद ओला असेल तर दुसऱ्या रात्री पाणी कमी, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या पारदर्शक खिडकीच्याही खाली ठेवून पुन्हा तोच प्रयोग करावा. आता कागद कोरडा राहिला तर गळती खिडकीच्या कडेची आहे. तरीही भिजला तर ती बुडाची आहे. ज्या गावी पाणी जड असते, तेथे तर गळणारे पाणी मागे क्षारांची पांढरी रेघ सोडून जाते आणि ती रेघच गळतीची वाट दाखवते.

खिडकीभोवती रबराची वा सिलिकोनची एक कडी असते. उष्णतेने ती कडक होते, आक्रसते किंवा जागची सरकते. ही कडी बदलली की किटली पुन्हा कामाला लागते. खिडकीच्या प्लास्टिकलाच तडा गेला असेल किंवा भांड्याच्या बुडाचा सांधा सुटला असेल, तर मात्र मामला निराळा आहे. एवढा भेद लक्षात न घेता ‘किटली गळते, टाकून द्या’ असे म्हणणे, आणि तो न घेताच ‘काही नाही हो, दुरुस्त होईल’ असे म्हणणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच उतावळेपणाच्या होत.

जेथे तडजोड नाही

एका बाबतीत तडजोडीला जागा नाही. 1500 वॉटची किटली 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते आणि हा सारा प्रवाह बुडाखालच्या जोडातून वर चढतो. पाणी त्या जोडापर्यंत पोहोचले, तर किटलीच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते. अशा वेळी माणसाला वाचवते ते चांगले अर्थिंग आणि प्रवाह झिरपताच पुरवठा तोडणारे, 30 मिलिअँपिअरवर काम करणारे उपकरण. वसतिगृहात आणि जुन्या इमारतीत नेमक्या याच दोन गोष्टींची खात्री नसते. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणारे विद्यार्थी काही थोडे नाहीत. असा जोड लावला की अर्थिंगची तार असून नसल्यासारखी होते.

म्हणून गळती लक्षात येताच किटलीचा वापर त्या क्षणी थांबला पाहिजे. खाली फडके ठेवून ‘तूर्त चालू द्या’ म्हणणे ही काटकसर नसून जुगार आहे. फटीवर बाहेरून लांबी वा चिकट मसाला थापण्याचा उपायही तितकाच घातक. पिण्याच्या पाण्याशी संबंध यावा म्हणून तो मसाला बनवलेला नसतो, वारंवार तापून थंड होण्यापुढे तो टिकत नाही, आणि मुख्य म्हणजे तो गळती बंद न करता लपवतो. दिसणारे पाणी न दिसणाऱ्या जागी वळले, तर ते बहुधा तळातील जोडाकडेच जाते. बुडाचा सांधा सुटलेली, भांड्याला तडा गेलेली वा तळात पाणी जाऊन जोड जळकट झालेली किटली बाद करावी. तेथे जुन्या वस्तूचा लोभ धरू नये. वरची कडी, झाकण वा मूठ यांचा दोष असेल तर दुरुस्तीचा विचार जरूर करावा. आणि दुरुस्त झालेली किटली परत घेताना कारागिराकडून विजेची गळती मेगर लावून तपासून घ्यावी. त्याला दोन मिनिटे पुरतात.

अर्ध्या किमतीचा आडाखा

इतके स्पष्ट झाल्यावर पैशाचा हिशेब येतो. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवी घ्यावी, असा एक आडाखा सर्वत्र चालतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हणही अशा वेळी हमखास कोणाच्या तरी तोंडी येते. आडाखा सोपा आहे, पण अपुरा आहे. तो किमतीकडे पाहतो, आयुष्याकडे पाहत नाही.

समजा, 800 रुपयांची किटली दोन वर्षे चालते. म्हणजे वर्षाला 400 रुपये पडले. तिची कडी बदलून घेण्यास 200 रुपये लागले आणि ती आणखी एक वर्ष चालली, तर त्या वर्षाचा खर्च निम्म्यावर आला. दुरुस्तीला 450 रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक लागले, पण त्यानंतर ती दोन वर्षे चालली, तर वर्षाला 225 रुपयेच पडले. आडाखा येथे साफ चुकला. उलट 150 रुपयांत ‘स्वस्तात काम झाले’ म्हणून आणलेली किटली तीन महिन्यांत पुन्हा गळू लागली, तर तोच दर वर्षाला 600 रुपये होतो आणि नवी घेतलेली परवडली असे म्हणण्याची पाळी येते. त्यामुळे कारागिराला ‘किती घेणार?’ या प्रश्नाबरोबर ‘किती चालेल?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. एकच भाग बिघडलेली दोन वर्षांची किटली दुरुस्तीला योग्य. बटण, बैठक आणि कडी एकदमच थकलेली किटली दुरुस्तीला अयोग्य. या हिशेबात जाण्यायेण्याचा खर्च आणि मोडलेला वेळ धरायला हवा, हेही मान्य केले पाहिजे. अर्थात सर्वांत आधी खरेदीची पावती शोधावी. हमीची मुदत शिल्लक असेल तर किटली बाहेर उघडू देऊ नये. ती हमी उघडल्याक्षणी संपते.

हा हिशेब कोणीही शालेय गणितावर करू शकेल. तरीही तो प्रत्यक्षात क्वचितच होतो, कारण त्यातील एक आकडाच मिळत नाही. कडीची किंमत किती? बाजारात विचारले तर उत्तर येते, ‘ती सुटी मिळत नाही.’ येथे गणित थांबते आणि मोबाईल बाहेर येतो.

वॉशर हरवला कोठे?

असे नेहमीच नव्हते. 1922 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ‘स्वान’ किटलीत तापणारी तार धातूच्या नळीत बंद करून ती नळी थेट पाण्यात बुडवण्याची सोय आर्थर लेस्ली लार्ज यांनी केली. त्यापूर्वी उष्णता देणारा भाग भांड्याबाहेर असे आणि पाणी उकळण्यास फार वेळ लागे. नव्या पद्धतीत ही नळी भांड्याच्या भिंतीतील भोकातून आत जाई आणि बाहेरून नट आवळून, आतबाहेर वॉशर घालून पक्की केली जाई. पुढे कित्येक वर्षे किटल्या याच धर्तीवर बनत राहिल्या. अशी किटली गळू लागली तर कारण बहुधा तो वॉशर असे. पाना आणि नवा वॉशर हाती असला की काम होई.

1955 साली इंग्लंडमध्येच रसेल हॉब्ज यांची आपोआप बंद होणारी किटली आली. पुढे तापणारा भाग बुडाच्या चकतीखाली दडवला गेला, मग वायर किटलीपासून सुटून बैठकीला जोडली गेली. या सुधारणा खऱ्या आहेत. पाणी आटून किटली जळण्याचे भय कमी झाले, आतून घासणे सोपे झाले, पाण्याशी संबंध येणारा एक सांधाही नाहीसा झाला. या सोयी सोडून पुन्हा नट-वॉशरकडे वळावे, असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही.

परंतु या सुधारणांच्या जोडीने आणखी काही बदल झाले आणि त्यांचा वापरणाऱ्याला कोणताही लाभ नाही. तळाला साधे स्क्रू जाऊन तीन पाकळ्यांचे स्क्रू आले, ज्यांना नेहमीचा पेचकस लागत नाही. काही ठिकाणी स्क्रूही गेले आणि एकदा उघडताच मोडणारे खटके आले. खिडकीची कडी प्रत्येक नमुन्यागणिक निराळ्या मापाची झाली आणि ती सुटी विकण्याची तसदी कोणी घेईना. पाणी लवकर उकळावे म्हणून किटली बदलली ती गोष्ट वेगळी आणि ती उघडू नये म्हणून बदलली ती गोष्ट वेगळी. दोन्ही बदल ‘आधुनिक’ या एकाच वेष्टनात विकले जातात, म्हणून ग्राहकाला त्यांतील फरक कळत नाही.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. विजेची वस्तू अजाण हाताने उघडणे धोक्याचे असते, असे ते म्हणतात. शिवाय सुटे भाग ठेवायचे, तर खर्च वाढेल आणि किटली 800 रुपयांत मिळणार नाही. मग वसतिगृहातील विद्यार्थ्याने काय करावे? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण त्याला उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात ठेवलेले आहे. कुकर हे किटलीपेक्षा कमी धोक्याचे भांडे नव्हे. तो नीट लागला नाही तर काय होते, हे घरोघरी ठाऊक आहे. तरीही कुकरची रिंग, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तालुक्याच्या गावीही भांड्यांच्या दुकानात मिळतात, आणि रिंग बदलण्याचे काम गृहिणी स्वतः करते. मिक्सरच्या भांड्याचीही तीच गोष्ट. तेथे सुट्या भागांमुळे ना धोका वाढला, ना धंदा बुडाला. किंबहुना सुटे भाग मिळतात म्हणूनच लोक त्या वस्तूंवर विश्वास टाकतात. किटलीच्या खिडकीच्या कडीचा तर विजेशी संबंधच नाही. मग कुकरच्या रिंगेला जे साधले ते या कडीला का साधू नये?

दोघांचे नुकसान

कल्हईवाल्याची आरोळी गल्लीतून नाहीशी झाली, याचे पुष्कळांना वाईट वाटते. पण त्याचा धंदा गेला तो स्टेनलेस स्टीलची भांडी आली म्हणून. गरज संपली आणि धंदा संपला. किटली दुरुस्त करणाऱ्याचे तसे नाही. किटल्या आजही गळतात. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईची लोहार चाळ येथे विजेच्या सामानाची दुकाने आजही दाटीवाटीने उभी आहेत, आणि गावोगावी विजेची लहान उपकरणे दुरुस्त करणारे हातही आहेत. गरज आहे, हात आहेत. मधला दोन बोटांएवढा रबराचा तुकडा तेवढा नाही. तो न मिळाल्याने कारागिराचे काम जाते, हे उघड आहे. ग्राहकाचे नुकसान तितके उघड नाही. कोणत्या नमुन्याची मूठ वर्षात सुटते आणि कोणत्याचे बटण पाच वर्षे टिकते, हे जाहिरातीत छापलेले नसते. ते ज्याच्या टेबलावर मोडक्या किटल्या येतात त्यालाच ठाऊक असते. कारागीर गेला की ग्राहकाचा एक निःपक्षपाती सल्लागार जातो.

शिवाय टाकलेली किटली कोठेतरी जातेच. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 सालच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातील केवळ 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आणला गेल्याची नोंद आहे. या ढिगात लहान उपकरणांचा वाटा सुमारे 2 कोटी टनांचा. भंगारात किटलीचे पोलाद निघते, तांब्यासाठी वायर अनेकदा उघड्यावर जाळली जाते, आणि तिचा विषारी धूर ज्यांच्या छातीत जातो, त्यांनी त्या किटलीतला चहा कधी घेतलेला नसतो. 800 रुपयांच्या किमतीत हा खर्च धरलेला नाही, म्हणूनच ती किंमत 800 आहे.

कायद्याची नजर

शासनाने या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांच्या जबाबदारीखालील उपकरणांचे प्रकार 21 वरून 106 वर नेले. वस्तू किती सुलभपणे दुरुस्त होते याचा निर्देशांक असावा, म्हणून 2024 साली नेमलेल्या समितीने 2025 मध्ये अहवाल दिला. तिचा रोख मुख्यतः मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंकडे आहे. फ्रान्सने असा निर्देशांक 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचा केला, तो प्रथम स्मार्टफोन, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्रे आणि हिरवळ कापण्याची यंत्रे या पाच प्रकारांसाठी. युरोपीय संघाच्या 2024 च्या दुरुस्तीविषयक निर्देशाच्या यादीत धुलाई यंत्रे, शीतकपाटे व मोबाईल आहेत, किटली नाही.

कायद्याची नजर मोठ्या वस्तूंवर प्रथम पडते, हे स्वाभाविक आहे. परंतु धुलाई यंत्र कोणी पाच मिनिटांत टाकून देत नाही. टाकली जाते ती किटली, आणि तिच्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी कोणी चढत नाही. म्हणून लहान वस्तूंसाठी मागणीही लहान आणि नेमकी असावी. कडी, झाकण व बैठक हे तीन भाग सुटे मिळावेत. तळाला साधे स्क्रू असावेत. आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील तो आकडा खोक्यावर किमतीशेजारी छापावा. यासाठी कोणताही नवा शोध लागायचा नाही. महाराष्ट्रात संघटित ग्राहक चळवळीची परंपरा आहे. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली स्थापन झाली. वजन, माप, भाव आणि भेसळ यांबाबत ग्राहकाला प्रश्न विचारायला या चळवळीने शिकवले. त्या प्रश्नांत ‘याची रिंग मिळते का?’ या एका प्रश्नाची भर पडायला हवी, आणि तो वस्तू बिघडल्यावर विचारण्यापेक्षा विकत घेताना विचारावा.

शाळांना तर आणखी एक गोष्ट करता येईल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकण्याची कल्पना आहे. बाद झालेली किटली, वायर कापून, त्या मुलांसमोर कारागिराने उघडून दाखवावी. दोन धातूंची चकती उलटी वळताना प्रत्यक्ष पाहिलेल्या मुलाला उष्णतेने होणारे प्रसरण पाठ करावे लागणार नाही.

सरकारी कचेरीतील जडसंग्रह नोंदवहीची चेष्टा करण्याची रीत आहे. मोडक्या खुर्चीचे निर्लेखन करायचे, तर प्रस्ताव हवा, तपासणी हवी, ती ‘दुरुस्तीस अयोग्य’ असल्याचा दाखला हवा. वर्गणीच्या किटलीची नोंद कोणत्याच वहीत नसते, म्हणून तिचा निकाल पाच मिनिटांत लागतो. त्या वहीचा पसारा किटलीच्या वाट्याला यावा असे कोणी म्हणणार नाही. पण वही जो एक प्रश्न विचारते, तो टेबलाभोवती बसलेल्यांनी एकदा विचारावा: ही वस्तू दुरुस्त का होऊ शकत नाही? ‘बूड फुटले’ असे उत्तर आले तर खुशाल निर्लेखन करावे. ‘कडी मिळत नाही’ असे आले, तर किटलीसोबत आणखी एक काम करावे. ती बनवणाऱ्याला त्या कडीची मागणी करणारे दोन ओळींचे पत्र लिहावे. असे एक पत्र केराच्या टोपलीत जाईल, शंभर जाणार नाहीत. आवक क्रमांक पडलेल्या कागदाचे बळ किती असते, हे कचेरीतील मंडळींना कोणी सांगण्याची गरज नाही.